खुरपं हातात होतंच, आता कारभार: पुणे जिल्ह्यात शेती आणि शेळ्या सुरू करणाऱ्या बायकांसाठी

खेड तालुक्यात चासकमानच्या कालव्याखाली आमची साडेतीन एकर जमीन आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच रानात खुरपलं, कांदा लावला, बटाटा वेचला, गोठ्यातलं शेणपाणी केलं. अशी सोळा वर्षं गेली. मग सासरे अंथरुणाला खिळले, मालक चाकणच्या कंपनीत पाळीवर, आणि रानाचं सगळं माझ्यावर आलं. त्या पहिल्या आठवड्यात खताच्या दुकानात उभी राहिले तेव्हा युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. शेकडो गोण्यांतलं खत मी स्वतःच्या हातांनी फेकलं होतं.

काम सगळं येत होतं, कारभार येत नव्हता. बियाणं कुठलं आणि किती, पाणी कधी तोडायचं, माल कुठल्या बाजारात न्यायचा, पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या पावतीचे, पैसे कुणाच्या खात्यात जायचे, हे सगळं पुरुषमाणसं पारावर ठरवायची. म्हणून शेतीत नव्याने उतरणाऱ्या बाईला मी पहिल्यापासून हेच सांगते की प्रशिक्षण घ्यायचं ते ठरवायला शिकण्यासाठी. खुरपायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. आणि ज्या शहरातून येताय, कोथरूड-हडपसरला राहून गावाकडची जमीन कसायची म्हणताय, त्यांना खुरपणंही शिकावं लागेल. ते दोन महिन्यांत येतं.

सुरुवात तलाठी कार्यालयातून

बियाण्याआधी कागद. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खाते उतारा, काढा. ते ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सातबारा वाचताना तीन गोष्टी बघा: कब्जेदारांच्या नावांत तुमचं नाव आहे का, इतर हक्कात कुठला बोजा आहे का, आणि पीकपाहणीत शेवटचं पीक काय लागलंय.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत दर शंभर वहितीधारकांमागे बायका जेमतेम चौदा होत्या. नाव नसलं की पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळं अडतं. म्हणून हे काम किचकट वाटलं तरी पहिलं हेच करा.

नवरा हयात आणि राजी असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. या योजनेमागे शेतकरी संघटनेची चळवळ आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरलं होतं, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. आमच्याकडे मालकांना अर्जाला राजी करायला मला दोन वर्षं लागली. भांडून काही झालं नाही. पीककर्जाच्या वेळी त्यांना पाळी सोडून बँकेत तीन खेपा माराव्या लागल्या, तेव्हा ते आपणहोऊन म्हणाले, लाव तुझंही नाव.

नवरा गेला असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. दिराने किंवा भाऊबंदांनी "नंतर बघू" म्हटलं तरी थांबू नका.

माहेरच्या जमिनीबद्दल थोडं कडक बोलते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलंय. तरी भाऊबीजेच्या आसपास कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून येतात. सही करायची की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. पण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. सासरी जमीन नसेल आणि माहेरचं नावही तुम्ही काढून टाकलंत, तर उद्या स्वतःच्या पैशाने वीस गुंठे घ्यायचे म्हटले तरी अडचण येते. सही करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

नाव लागलं की शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या, आणि एकट्या तुमच्या नावाचं बँक खातं उघडा. जोड-खातं या कामाला चालत नाही.

दहा गुंठे मागून घ्या

सगळी जमीन एकदम हातात घेऊ नका, आणि घरचे देणारही नाहीत. दहा गुंठे मागा. रस्त्याकडेचा, पाणी पोचणारा तुकडा मागा. बायकांना हमखास कोपऱ्यातला खडकाळ तुकडा दिला जातो आणि मग "बघ, जमलं नाही ना" असं ऐकवलं जातं.

लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळात हाच मार्ग धरला. बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात काय लावायचं ते स्वतः ठरवायचं. त्यांनी भाजीपाला, कडधान्यं, बाजरी अशी घरात खायला येणारी पिकं घेतली. प्रेमा गोपालन यांनी ही संस्था उभी केली. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते मागण्याचं गणित: घरचं मुख्य पीक जातं तिथेच राहतं, त्यामुळे कुणाला धक्का बसत नाही, आणि एका तुकड्यापुरता शब्द मात्र पूर्ण बाईचा असतो.

दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर काय केलं आणि काय दिसलं. स्वतःची मजुरीही लिहा. घरच्या बाईचे हात फुकट धरले की कुठलंही पीक फायद्याचं दिसतं.

माती

रान रिकामं असताना, शेणखत टाकायच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये मातीचा नमुना घ्या. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती खरवडून घ्या. बांध, झाड, उकिरडा आणि जनावरं बांधायची जागा टाळा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत करत राहा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत चिठ्ठी टाका. कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासनाच्या प्रयोगशाळेत थोडक्या पैशात तपासून मिळते. अहवाल घेऊन घरी बसू नका, तो वाचून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

प्रशिक्षण कुठे मिळतं

या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या बायका नशीबवान आहेत. आपल्या दारात जितक्या संस्था आहेत तितक्या क्वचितच कुठल्या जिल्ह्यात असतील. अडचण एवढीच की बहुतेकींना त्या माहीत नसतात, किंवा तिथे आपल्याला कोण विचारणार असं वाटतं. विचारतात.

जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, बारामतीला आणि नारायणगावला. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या बायकांना नारायणगाव जवळ. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरकडच्यांना बारामती. बारामतीला जानेवारीत कृषिक प्रदर्शन भरतं आणि तिथे पिकं जमिनीत उभी दिसतात. एक दिवस मोडून जा, जमलं तर दोन. कांदा-लसूण करणार असाल तर राजगुरुनगरची राष्ट्रीय संस्था, द्राक्षासाठी मांजरीचं केंद्र. उसासाठी मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. त्यांचा बायकांसाठी ज्ञानलक्ष्मी नावाचा वर्ग चालतो, त्याची चौकशी तुमच्या साखर कारखान्याच्या शेती विभागात करा. गुलाब-जरबेऱ्याचं पॉलिहाऊस डोक्यात असेल तर तळेगाव दाभाडेची सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था. मधमाश्यांसाठी गणेशखिंड रस्त्यावरची केंद्रीय संस्था १९६२ पासून शिकवते आहे. अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, प्रशिक्षण शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात मिळतं. ज्यांच्याकडे जमीनच नाही, एखादी खोली आहे, त्यांनी हे जरूर बघावं.

शेळ्या-मेंढ्यांसाठी गोखलेनगरला अहिल्यादेवी महामंडळाचं कार्यालय आहे, गाईंसाठी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था. मणिभाई देसाईंनी १९६७ साली ती सुरू केली. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंनी देशी बियाण्यांची बँक उभी केली तीही याच बाएफच्या साथीने.

राहून शिकता येत असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दहा-दहा दिवसांचे वर्ग असतात, जेवणखाण आणि राहणं फुकट. आणि ज्यांना गाव सोडताच येत नाही त्यांनी कृषी सहाय्यकाकडे महिला शेतीशाळेची, म्हणजे गावातल्या रानातच भरणाऱ्या वर्गाची, मागणी करा. एकटीने तोंडी विचारलं तर उत्तर मिळत नाही. वीस-पंचवीस जणींच्या सह्यांचा अर्ज दिला की मिळतं. कृषी विभागाच्या आत्मा योजनेत तीस टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी ठेवायचा असतो, हे वाक्य अर्जात घाला.

वर्ग निवडताना मी तीन प्रश्न विचारते. शिकवणारा आम्हाला रानात किंवा गोठ्यात नेणार का? वर्ग संपल्यावर फोन उचलणारं माणूस कोण? आणि वेळ काय? सकाळी दहाला सुरू होऊन चारला सुटणाऱ्या वर्गालाच धार काढणारी बाई जाऊ शकते. तान्हं मूल असेल तर आधी सांगून ठेवा, सोबत आजी किंवा मोठी मुलगी आणू द्या म्हणा. मी नेली होती लेकीला. कुणी काही बोललं नाही.

प्रमाणपत्र जपून ठेवा, कर्जाच्या आणि योजनेच्या फायलीला लागतं. पण हजारो रुपये फी घेऊन "हमखास उत्पन्नाचा फॉर्म्युला" देणाऱ्या आणि पिल्लं, रोपं, कोंबड्या आमच्याचकडून घ्या म्हणणाऱ्या वर्गांपासून लांब राहा. माझ्या एका मावसबहिणीचे त्यात बरेच पैसे गेले.

मग बांधावरची गुरू शोधा

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते सांगते.

मी शेळीपालनाचा तीन दिवसांचा वर्ग केला. वही भरून टिपणं काढली, जंताच्या औषधांची नावं पाठ केली. घरी आले आणि तीन शेळ्या घेतल्या. पावसाळ्यात त्यातली एक वाळायला लागली. खात होती, पीत होती, तरी पाठीचा कणा वर आलेला. वरच्या आळीत एक आक्का राहतात, चाळीस वर्षं शेळ्या राखलेल्या, अंगठा करणाऱ्या. त्यांना बोलावलं.

आक्कांनी काही विचारलं नाही. शेळीला उन्हात आणली, गुडघ्यांमध्ये धरली, डाव्या हाताने जबडा वर केला आणि उजव्या अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली. "हितं बघ." आतली कातडी पांढुरकी होती, धुतलेल्या कापडासारखी. मग दुसरी शेळी धरली, तिची पापणी ओढली. ती गुलाबी, आतून भरलेली. "ह्या दोन्हींत काय येगळं दिसतंय?" मी म्हटलं, रंग. "मग झालं. हिचं रगत जंत पितायत. उद्या डॉक्टरला आण, वजन करून औषध दे. आन् दर सोमवारी समद्यांचे डोळे बघ."

माझ्या वहीत औषधाचं नाव होतं. पण ते कधी द्यायचं हे शेळीच सांगते, आणि तिचं सांगणं वाचायला मला आक्कांनी शिकवलं. संस्थेत कारण कळतं, लसीचं वेळापत्रक कळतं, आणि ते हवंच. आक्कांकडे पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस नव्हती, आणि तिच्याअभावी त्यांचा अर्धा कळप एका हिवाळ्यात गेलेला होता. ते त्यांनीच सांगितलं, काही न लपवता.

गुरू कुणाला करायचं? जिचं रान तुमच्या रानासारखं आहे, तीच माती आणि तेच पाणी, अशी शोधा. जी स्वतः बाजारात जाते ती बघा. जी आपलं बुडालेलं पीक सांगते तिच्याकडे जा. जिचं कधीच काही बुडालं नाही असं ती म्हणते तिच्याकडे शिकायला काही नसतं. चालत जाता येईल इतकी जवळ असावी, कारण अळी दिसली की त्याच संध्याकाळी विचारावं लागतं. उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या कृषी सखी आणि पशू सखी गावात असतात, त्यांच्यापासून सुरुवात केलीत तरी उत्तम. लस टोचणं, नखं कापणं, बकऱ्यांचं वजन करणं हे पशू सखीला येतं आणि तिला घरी बोलावताना कुणाची परवानगी लागत नाही.

"मला शिकवा" म्हणून कुणाच्या दारात जाऊ नका. बाईमाणूस संकोचते, म्हणते मला काय येतंय. तिच्या कांदा लावणीला जा. आपल्याकडे सावड आहे, म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या रानात काम करायची रीत; वर घाटाकडच्या गावांत भातखाचरं करायला पडकई आहे. शिकण्याची फी त्यातच द्यायची. दोन दिवस तुम्ही तिच्या रानात, एक दिवस ती तुमच्या. वाफ्यात शेजारी बसून रोप लावताना जे बोलणं होतं ते कुठल्या वर्गात होत नाही. वर्षभराचा करार तोंडी का होईना ठरवून घ्या: पेरणीआधी एकदा, पीक गुडघ्याला आल्यावर एकदा, काढणीआधी एकदा तिने तुमच्या रानात यायचं, आणि एकदा तुम्हाला सोबत बाजारात न्यायचं. जाताना प्रश्न लिहून न्या. "कसं चाललंय?" याला "बरं चाललंय" एवढंच उत्तर मिळतं. "या पानाच्या मागे हे काय आहे?" याला तासभर उत्तर मिळतं.

एक सांभाळा. गुरूचा सल्ला आणि संस्थेचा सल्ला जुळला नाही तर दोन गुंठ्यांत दोन्ही करून बघा. आक्का शेळी व्यायली की वार पडेपर्यंत करडाला चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजत नसत. वर्गात सांगितलं होतं की अर्ध्या-एक तासाच्या आत पाजायचा. मी पाजला, करडं तगली, आणि पुढच्या वेळी आक्कांनीही पाजला.

पहिलं पीक, पहिल्या शेळ्या

दहा गुंठ्यांत पहिलं पीक मेथी-कोथिंबीर घ्या. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर चाळीस दिवसांच्या आसपास. चुकलं तरी महिनाच गेला, आणि वर्षात पाच-सहा वेळा चुकून शिकता येतं. उसात चूक कळायला दीड वर्ष लागतं. सगळं एका दिवशी पेरू नका, दर आठवड्याला दोन गुंठे टाका. धने पेरायच्या आधी चपलेने हलके रगडून त्याचे दोन भाग करतात, अख्खा धना नीट उगवत नाही. सोयाबीनसारखं घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं पेरू नका. विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी, त्यावरचं लेबल आणि मूठभर बी काढणी होईपर्यंत ठेवा; उगवण फसली तर पंचायत समितीत तक्रार करताना हेच मागतात.

मावळ-मुळशी-भोरकडच्या बायकांनी माझं मेथीचं ऐकू नये. त्यांच्याकडे पावसाळ्यात भातच, आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निघालेला इंद्रायणी हातसडीचा करून पुण्यात थेट घरोघर देता आला तर त्याहून चांगलं पहिलं पीक नाही.

शेळ्या तीनच घ्या. योजनेत दहा शेळ्या एक बोकड मिळतात म्हणून पहिल्याच वर्षी दहा घेऊ नका. तीन शेळ्यांवर एक वर्ष काढलेल्या बाईला दहा झेपतात. आपल्या भागात संगमनेरी, आणि जुळ्यांसाठी उस्मानाबादी. घेताना खालचे दात बघा: दोन मोठे दात आले असतील तर वय वर्षा-दीड वर्षाचं, चार असतील तर दोनच्या आसपास. दोनदाती किंवा एक वेत झालेली चारदाती घ्या. चाकणच्या शनिवारच्या बाजारात जा, पण पहिल्यांदा नुसतं बघायला जा. आक्का तिथे एकच प्रश्न विचारतात: "का इकतोयस?" आणि उत्तर देताना माणूस कुठे बघतो ते बघतात. त्यापेक्षा गावातल्याच ओळखीच्या घरची शेळी घ्यावी असं माझं मत. तिची आई, तिचं दूध, तिची वेतं सगळी माहीत असतात.

मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा हवी. ओलीने जितक्या शेळ्या मरतात तितक्या थंडीनेही मरत नाहीत. गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणजे कधी व्यायल्या हव्यात ते आधी ठरवून बोकड दाखवायचा. भर पावसात करडं येऊ देऊ नका. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी मेमध्ये, पीपीआर करडू तीन महिन्यांचं झाल्यावर, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. जनावराच्या दवाखान्यात विचारा. जनावर हलवता येत नसेल तर १९६२ वर फोन करा, गाडी येते. विकताना उक्तं देऊ नका. वजनकाटा आणा आणि जिवंत वजनावर भाव करा. माझा स्प्रिंगचा काटा पहिल्या दोन बोकडांत वसूल झाला.

बाजारात स्वतः जा

माझी पहिली मेथी दोन गुंठ्यांत साडेचारशे जुड्या निघाली. पहाटे टेम्पोत जुड्यांच्या शेजारी बसून गेले. गाळ्यावर माल उतरला, लिलाव झाला, आणि पट्टी हातात आली तेव्हा वरती नाव मालकांचं. मी समोर उभी असून लिहिणाऱ्याने विचारलं नव्हतं, गावाचं नाव ऐकून सवयीने लिहून टाकलं. खाली अडत, म्हणजे अडत्याची दलालीही, कापलेली. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची. हमाली, तोलाई वेगळी. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं, गप्प घरी आले. दुसऱ्या खेपेला आधीच सांगितलं: नाव माझं, आणि ही अडत कशाची ते लिहून द्या. लिहून दिली नाही. कापलीही नाही.

म्हणून पट्टी तिथेच वाचा आणि स्वतःच्या नावाची घ्या. बँकेला आणि योजनेला तीच दाखवायची असते. गुलटेकडी, मांजरी, मंचर, नारायणगाव, चाकण यांत तुमच्या मालाला कुठे भाव आहे ते आठवडाभर रोज फोनवर बघून वहीत लिहा. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि शेतकरी आठवडे बाजारात थेट विकता येतं, पण त्यासाठी दर आठवड्याला ठरल्या दिवशी माल लागतो. तो पाच-सहा जणींनी मिळून लावला तरच जमतो.

रात्रीचं पाणी

हे वर्गात सांगत नाहीत. मोटारीची लाईट पाळीने कधी रात्रीची येते, आणि खेड-आंबेगाव-जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसाच्या कडेने बिबट्या असतो. रात्री एकटीने दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाऊ नका. खाली वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं. दोघी जा, बोलत जा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा, हातात घुंगराची काठी आणि डोक्याला बॅटरी लावा. करडं उघड्यावर बांधू नका. गोठ्याला वरूनही जाळी हवी. पायात गमबूट, घोणस-नागासाठी. साप चावला तर १०८, आणि सरळ सरकारी दवाखाना. मंत्र उतरवणाऱ्याकडे वाटेत थांबायचं नाही. दहा गुंठ्यांना ठिबक करून घेतलंत तर यातल्या निम्म्या रात्री वाचतात. मी खताआधी ठिबकवर पैसे घालायला सांगते ते यासाठी.

फवारणी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने करू नये, औषधही कालवू नये. भरलेला सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ओल्या सरीतून चालणं कंबरेला भारी पडतं. अर्धाच भरा, दोन खेपा जास्त मारा.

सहाजणी जमवा

आमच्याकडे आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन ते पाच, सहाजणी जमतो. दर महिन्याला एकीच्या रानात. चहा असतो, दुसरं काही करायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर जिची पाळी असते ती सकाळपासून चुलीपाशीच अडकते. जिचं रान, तिने आधी आपला सगळ्यात वाईट वाफा दाखवायचा. मग वह्या उघडायच्या आणि आकडे वाचायचे. आक्काही येतात. त्यांना वाचता येत नाही, पण कुणाचा खर्च जास्त झालाय ते ऐकून बरोबर ओळखतात.

गेल्या रविवारी पाळी एका नव्या मुलीची होती, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिचा कोथिंबिरीचा वाफा पिवळा पडला होता. सहाजणी वाफ्याभोवती उकिडव्या बसलो. कुणी म्हणे नत्र कमी, कुणी म्हणे मर रोग. आक्कांनी बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं आणि तिला म्हणाल्या, "तूच खुपस." तिने खुपसलं. बोटाला चिखल लागला. "पाणी जास्त झालंय," ती म्हणाली.